दाराजवळची जागा

माझा स्वभाव मूळचाच घाबरट. गॅस बंद केलाय का, हे मी कुलूप लावण्याआधी दोनदा बघते आणि लिफ्टपाशी गेल्यावर तिसऱ्यांदा परत येऊन बघते. अशा बाईने दुसऱ्यांना मोकळीक देण्याच्या भानगडीत पडू नये. पण दोन वर्षांपूर्वी मी पडले, आणि तेही भर बैठकीत, आपणहून.

मी लोणी काळभोरच्या पुढे एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. राहायला वारज्यात. म्हणजे कात्रज-कोंढवा रस्त्यावरची सगळी कोंडी रोज दोनदा माझ्या वाट्याला येते आणि काळजी करायला भरपूर वेळ मिळतो. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आमच्याकडे एक ऑनलाइन कोर्स होता. चाळीस व्हिडिओ, एक संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. मुलं फोनचा आवाज बंद करून तो दप्तरात टाकत आणि कँटीनमध्ये वडापाव खात बसत. दप्तरात व्हिडिओ आपला पुढे सरकत राही. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, की हा अभ्यास नाही, ही नुसती रांग आहे. मुलांना कुठून सुरुवात करायची ते तरी ठरवू दे. आमचे प्राचार्य कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग आपणच करा ना तसा. आम्ही कुठे अडवलंय?"

झालं. काम गळ्यात पडलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जेवणाच्या टेबलावर कागदाचे तुकडे मांडून बसले. सरासरी, आलेख, विचलन, शक्यता, सहसंबंध, नमुना निवड. सहा विषय, सहा तुकडे. प्रत्येकाची सुरुवात एखाद्या साध्या प्रश्नाने करायची, सूत्राने नाही. बसची वाट किती वेळ बघावी लागते? उंच आईबापांची मुलं उंचच होतात का? सहापैकी कुठलेही चार करायचे, कुठल्याही क्रमाने. समजलंय हे कसं दाखवायचं तेही ज्याने त्याने ठरवायचं. कुणी लिहून दाखवेल, कुणी बोलून, कुणी गणितं सोडवेल, कुणी चार घरी जाऊन माहिती गोळा करून आणेल. मी ते तुकडे गोलात मांडत होते, पुन्हा विस्कटत होते, आणि मला फार वर्षांनी मजा येत होती.

वडील समोर चहा घेत बसले होते. त्यांना पंच्याऐंशी पूर्ण झालीत. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी बराच वेळ तुकड्यांकडे बघितलं आणि विचारलं, की यातला पहिला कुठला. मी म्हणाले, पहिला नाहीच, तीच तर गंमत आहे. त्यांनी कप खाली ठेवला.

"ज्यांच्या घरी विचारायला कुणी असतं, त्यांना कुठूनही सुरू करता येतं," ते म्हणाले. "ज्यांच्या घरी कुणी नसतं, त्यांना क्रमच सांभाळतो. अशानं तुझी एखादी मुलगी हरवेल बघ."

ते असं का म्हणाले हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या लहानपणी वस्तीतल्या विहारात संध्याकाळची वंदना झाली की ते मुलांचा अभ्यास घेत. त्यांच्या आधीच्या पिढीत कुणाला अक्षरओळखही नव्हती. ते स्वतः एकेक इयत्ता चढून आले होते, एकही न चुकवता, आणि हीच एक वाट आहे अशी त्यांची खात्री होती. विहारात एक लांबच लांब सतरंजी होती, त्यांच्या पुढ्यापासून थेट दारापर्यंत. नवीन मूल दाराजवळ बसायचं. धडा आला, की एक जागा पुढे. ज्याचा धडा अडला तो होता तिथेच बसायचा आणि बाकीचे त्याच्या अंगावरून पुढे सरकायचे.

मी एक महिना दाराजवळ बसले होते. भागाकारात मध्येच शून्य आलं की माझं डोकं चालायचं नाही. माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण माझ्या मांडीला पाय लावून पुढे गेली. सर म्हणून बसलेला माणूस माझाच बाप होता, पण तिथे तो बाप नसायचा. थंडीचे दिवस होते आणि दाराच्या फटीतून वारं यायचं. आजही पायाला गार वारं लागलं की मला तो भागाकार आठवतो. क्रम नसलेला कोर्स करायची हौस मला कुठून आली, हे मी बैठकीत सांगितलं नव्हतं, पण ती तिथूनच आली होती.

तरी वडिलांचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी सगळे घटक पोर्टलवर चढवले, सरासरी आधी आणि नमुना निवड सगळ्यात शेवटी, कारण कुठलातरी आधी चढवावाच लागतो. पोर्टलने पानभर प्रश्न विचारले, मी खुणा करत गेले, आणि जानेवारीत कोर्स सुरू झाला. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कुठूनही सुरू करा, तुम्हाला जमेल तसं दाखवा.

पहिले चार दिवस कुणीही काहीही उघडलं नाही.

साठ मुलं आणि साठ शून्यं. मी दर तासाला बघत होते, कोंडीत गाडी थांबली की तेव्हाही बघत होते. मग मेसेज यायला लागले. मॅडम, पहिला कुठला करायचा? मॅडम, त्यातले इम्पॉर्टंट चार कुठले? मॅडम, तुम्हाला कुठला क्रम चालेल? मी प्रत्येकाला उत्तर पाठवत होते, की तुमचं तुम्ही ठरवा. एका मुलाने त्यावर लिहिलं, "ओके मॅडम, पण फायनल काय ते सांगा ना." पाचव्या दिवशी अचानक पाऊण वर्ग कामाला लागला. मला हायसं वाटलं, पण दोनच तास. कारण सगळे एकाच क्रमाने चालले होते: सरासरी, आलेख, विचलन, शक्यता. कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं, की मॅडमना हा क्रम आवडतो. मी मोकळं मैदान दिलं होतं आणि मुलांनी त्यात आपली आपण रांग लावली होती.

हसायला हवं होतं. पण मला हसू येण्यासारखी स्थिती नव्हती, कारण पोर्टलवर एक लाल यादी होती. ज्यांनी कोर्स सुरूच केला नाही त्यांची नावं लाल अक्षरांत येत. कॉलेजचा जुना नियम असा, की तीन आठवड्यांनी शिक्षकाने त्या यादीवर सही करायची आणि ती नावं कोर्समधून काढायची. काढलं, की वर्ष गेलं. दुसऱ्या आठवड्यात यादीत पाच नावं होती. चौघांना मेसेज केले, चौघे आले. पाचवं नाव तसंच राहिलं.

ती मुलगी माझ्या पक्की लक्षात होती. मुलगी म्हणायचं, पण तिशीला आलेली, लग्न झालेलं, बारावीनंतर दहा वर्षांनी पुन्हा शिकायला आलेली. जवळच्याच गावात सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर काम करायची. प्रवेशाच्या दिवशी टेबलावर मीच बसले होते. फॉर्म भरताना ती हळूच म्हणाली होती, की घरचे एक वर्ष बघू म्हणालेत. म्हणजे तिला एकच वर्ष होतं. ते गेलं की पुन्हा कुणी पाठवणार नव्हतं. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची आणि एकही शंका विचारायची नाही. मेसेज तर तिने कधीच केला नाही. हीच ती, मला वाटलं, वडील म्हणाले होते ती हरवणारी मुलगी. विचारायला घरी कुणी नाही, सहा चौकटी समोर आल्या, कुठली उघडायची कळलं नाही, आणि गप्प बसली. एरवीच्या कोर्सात निदान पहिला व्हिडिओ तरी तिला सापडला असता.

मी फोन केला. सासऱ्यांनी उचलला. "ती डेअरीवर हाय," ते म्हणाले आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उचललाच नाही. तीन दिवस ती कॉलेजातही आली नाही. यादीवर सही करायला एकच दिवस उरला तेव्हा मला जेवण जाईना. वडिलांनी विचारलं काय झालं, तर मी काही नाही म्हणाले. त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

शेवटच्या दिवशी मी पहाटेच निघाले. रस्ता मोकळा होता, तरी मी स्टिअरिंग आवळून धरलं होतं. डेअरी गावाच्या तोंडाशीच सापडली: पत्र्याची एक खोली, समोर किटल्या घेऊन उभे असलेले दहा-बारा लोक, आत दुधातलं फॅट मोजायचं यंत्र आणि यंत्रापाशी ती. मला बघितल्यावर तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. मी खुणेने म्हटलं, होऊ दे तुझं, आणि बाजूला उभी राहिले.

ती काम करत होती ते मी बघत होते. किटली समोर आली की लांब दांड्याची पळी थेट तळापर्यंत घालायची, तीन-चारदा दूध खालीवर करायचं, आणि मगच छोट्या बाटलीत नमुना घ्यायचा. प्रत्येक किटलीला तसंच. एकजण घाई करत होता, त्यालाही तिने थांबवलं. वर्गात तोंड न उघडणारी बाई इथे चांगली दमात बोलत होती.

लोक पांगल्यावर मी तिला विचारलं, की तू कोर्स सुरू का केला नाहीस. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग यंत्राखालच्या फळीवरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही काढली.

"मॅडम, तुमीच लिवलंय की, कुठनंबी सुरू करा. मी नमुन्यापासनं केलं. ते तर रोजचंच हाय माझं."

घरात चालता फोन एकच, तो सासऱ्यांकडे असायचा. म्हणून ती शनिवारी कॉलेजच्या लायब्ररीतल्या संगणकावर बसून घटक वाचायची, प्रश्न वहीत उतरवून घ्यायची आणि दुपारच्या मोकळ्या वेळात सोडवायची. लिहून दाखवा असंही मी म्हटलं होतं, म्हणून तिने लिहिलं होतं. वही शेवटी एकदम द्यायची असा तिचा बेत होता. तीन घटक पूर्ण झाले होते. जाऊबाई आजारी, त्यामुळे या आठवड्यात कॉलेजला येता आलं नव्हतं, एवढंच.

वहीत एके ठिकाणी पेन्सिलने, पुसता येईल असं, लिहिलं होतं: मॅडमच्या उदाहरणात चूक असावी. मी नमुना निवडीच्या घटकात दुधाचंच उदाहरण दिलं होतं. किटलीतून एक माप घेतात आणि त्यावरून सगळ्या किटलीचा अंदाज बांधतात, असं. डेअरीत कधी पाऊल न टाकता लिहिलेलं. त्याखाली तिने लिहिलं होतं, की आधी ढवळलं नाही तर वरच्या मापात साय येते आणि फॅट जास्त लागतं. मग तो किटलीचा नमुना नाही, नुसत्या वरच्या दुधाचा. गेली चोवीस वर्षं मी नमुना निवड शिकवते आहे. ही ओळ मी इतक्या स्वच्छपणे कधी सांगितलेली नाही.

मग मला यादीबद्दल सांगावंच लागलं. अशी काही यादी असते हेच तिला माहीत नव्हतं. तिने वही माझ्या हातातून परत घेतली आणि छातीशी धरली.

"माझं चुकलं का, मॅडम? आता घरी काय सांगू मी?"

मी म्हणाले, घरी काही सांगू नकोस, आणि वही मला दे. कशाच्या जोरावर म्हणाले ते मलाही माहीत नव्हतं.

कॉलेजात जाऊन मी पोर्टल उघडलं. यादीत नाव लाल ते लालच. मग आत शोधता शोधता नोंदींचं एक पान सापडलं, जे मी तोवर कधी उघडलंच नव्हतं. त्यात तिचे तीनही शनिवार होते. कधी आली, काय वाचलं, किती वेळ, सगळं. ती आली होती, पोर्टलला ठाऊक होतं, आणि तरी ती गैरहजर होती. मी सुरुवातीला भरलेलं ते प्रश्नांचं पान पुन्हा काढलं. खालून चौथा प्रश्न होता: हजेरी कशावरून धरावी? दोन पर्याय. कोणताही घटक उघडल्यावर, किंवा पहिला घटक उघडल्यावर. खूण दुसऱ्यावर होती, आणि पोर्टलच्या लेखी पहिला म्हणजे मी आधी चढवलेली सरासरी.

ती खूण दुसऱ्या कुणी केलेली नव्हती. टेबलावर सहा तुकडे गोल मांडून, पहिला कुठलाच नाही म्हणून बापाला ऐकवणारी मी, हजेरीचा प्रश्न आल्यावर माझा हात आपोआप पहिल्या धड्याकडे गेला होता. बाकीच्यांनी ग्रुपवरचा क्रम धरून सरासरी आधी उघडली म्हणून ते वाचले. जिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला तेवढीच अडकली.

मी खूण बदलली. यादी कोरी झाली. इतकं सोपं होतं, याचाच मला जास्त राग आला.

प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे आपण मोकळीक दिलीत आणि रखवालदारही बसवलात," ते म्हणाले. मग त्यांनी वही मागून घेतली, दुधाचं पान दोनदा वाचलं, आणि म्हणाले की वही तपासून सही करायला पोर्टलची परवानगी लागत नाही, पूर्वी आपण तेच करत होतो. कोऱ्या यादीवर मात्र त्यांनी माझी सही घेतलीच. नियम तो नियम.

सही करून तो कागद फाईलला लावताना आधीच्या वर्षांच्या याद्या हाताखाली आल्या. कुठे सात नावं, कुठे नऊ. प्रत्येकीच्या तळाशी माझी सही, ठसठशीत, तारखेसकट. त्यातल्या एकालाही मी फोन केलेला नव्हता. सुरू केलं नाही म्हणजे शिकायचं नाही, असं मी धरून चालले होते आणि सही करून कँटीनला चहाला गेले होते. मी त्या नावांची, फोन नंबरांसकट, झेरॉक्स काढली आणि पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. सगळं सांगितलं, खुणेसकट. मला वाटलं होतं ते म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं? पण ते म्हणाले, "दाराजवळ बसवलेली पोरं एखाद्या दिवशी उठून जायची. दार जवळच असायचं ना. पुढे किती सरकली ते मी रोज वहीत मांडायचो. किती गेली ते नाही मांडलं."

मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"तू बसली होतीस तो महिना माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं," ते म्हणाले. "दाराकडेच होतं."

मी विचारलं, मग मला पुढे का घेतलं नाही. माझा आवाज पन्नाशीच्या बाईचा राहिला नव्हता, हे मला कळत होतं. त्यांनी हाताची बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली. म्हणाले, "मला तेवढी एकच रीत येत होती."

मग रविवार आला. मी झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि सगळ्यात खालच्या नावापासून सुरुवात केली. पहिला नंबर बंद होता. दुसरा लागला. एका मुलीने उचलला, मागे लहान मूल रडत होतं. मी माझं आणि कॉलेजचं नाव सांगितलं, आणि विचारलं की तेव्हा काय झालं होतं, तू का सुरू केलं नाहीस. पलीकडे तिने मूल कुणाकडे तरी दिलं, रडणं लांब गेलं.

"आत्ता विचारताय, मॅडम?" ती म्हणाली.

मी हो म्हणाले, आणि ती सांगेल म्हणून थांबले.